आधी अंघोळ

"आई, या सपाता बाहेर काढायच्या. बाथरूमच्या वेगळ्या," तन्मय सांगत होता. तोवर मनोरमाबाईंनी भलत्याच सपाता घातल्या होत्या.

आखातातल्या उम्म अल कुवैनमधलं हे जपानी धाटणीचं हॉटेल तन्मयने मुद्दाम निवडलं होतं. गरम पाण्याचे झरे जपानात. इथलं पाणी आपलं बॉयलरचं. पण जागा इतकी लख्ख, की लोकांच्या घरी भांड्याला लावलेलं झाकणसुद्धा उलटं करून बघणाऱ्या मनोरमाबाईंना नाव ठेवायला काही सापडेना. त्यामुळे त्या जरा बेचैनच होत्या. त्यात काही कळतही नव्हतं. चहा पिऊन परत येतात तो खोलीतलं टेबल गायब आणि जमिनीवर गाद्या घातलेल्या.

"ही आपलीच खोली ना रे?"

"आपलीच. जेवायला सात वाजता जायचंय. केया अबुधाबीहून परस्पर येतेय. आज काय ते सांगशील ना?"

"बघते आधी."

केयाचा फोटो बघायलाही त्यांनी नकार दिला होता. फोटोत सगळ्याच चांगल्या दिसतात. मराठी असली तरी इथेच वाढलेली मुलगी, म्हणजे कामाला बाई आणि बुटांसकट पलंगावर, असं त्यांनी पुण्याहून निघतानाच ठरवून टाकलं होतं. तन्मय मात्र आईच्या होकाराशिवाय लग्न करणार नव्हता. वर्षभर थांबला होता बिचारा.

बायकांच्या स्नानगृहात कपडे, दागिने, चष्मा, सगळं बाहेर ठेवावं लागलं. आत नुसती वाफ. टिकली नाही, मंगळसूत्र नाही, कोण कुठली काही कळायला मार्ग नाही. मनोरमाबाई चाचपडत गरम पाण्याच्या कुंडापर्यंत गेल्या आणि त्यांनी पाण्यात पाय घातला.

"आंटी, नो नो. पहले वॉश करना है," डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक मुलगी म्हणाली.

"सुबह से दो बार नहाया है मैंने."

"फिर भी. सबके लिए सेम रूल है. पानी सबका है ना."

मनोरमाबाईंचा पारा चढला. जिने आयुष्यभर आल्यागेल्याला हातपाय धुवायला लावले, तिला ही स्वच्छता शिकवणार? त्यांनी पाय मागे घेतला आणि इथे कुणाला कळणार आहे म्हणून खणखणीत मराठीत म्हणाल्या, "कुणाच्या घरात पडणार आहे ही, कोण जाणे. आईबापांनी वळण म्हणून लावलेलं दिसत नाही."

मुलीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ती निघून गेली.

"बुरा मत मानिए, आंटी. आइए." दुसऱ्याच एका मुलीने त्यांना हाताला धरून बुटक्या स्टुलावर बसवलं, अंगावर पाणी घातलं आणि न सांगता पाठही चोळून दिली. इतक्या मायेने त्यांची पाठ बऱ्याच वर्षांत कुणी चोळली नव्हती. त्यांना भरूनच आलं.

"कहाँ से आई बेटा?"

"अबुधाबी. आज डिनर पे किसी से मिलना है. बहुत डर लग रहा है."

मनोरमाबाई मनातल्या मनात हसल्या. नाव विचारायचं त्यांनी मुद्दाम टाळलं. ओळख व्हायची ती जेवताना, कपड्यांत होऊ दे. मराठीत बोलली नाही, पण इथल्या मुली बोलतात कुठे?

तन्मय जेवणाच्या दालनाबाहेर उभा होता.

"माझा होकार आहे," त्या म्हणाल्या. "कळव तिला."

"तू भेटलीस केयाला?"

"भेटले. पाठ चोळून दिली तिने माझी."

"केयाने?"

"मी शब्द फिरवायची नाही. संपला विषय."

तन्मयला काही उमगलं नाही. पण वर्षभर थांबलेला माणूस अशा वेळी फार प्रश्न विचारत नाही. त्याने लगेच मेसेज पाठवला.

दोघं बुटक्या टेबलाशी जाऊन बसली. इतक्यात ती पाठ चोळणारी मुलगी समोरून आली. बरोबर एक तरुण आणि त्याचे आईवडील असावेत असं जोडपं होतं. मनोरमाबाईंनी हसून शेजारच्या उशीवर थाप मारली.

"यल्ला, चलो हिबा, अम्मी बुला रही हैं," तो तरुण म्हणाला. मुलीने मनोरमाबाईंना लांबूनच हात हलवला आणि ती पलीकडच्या टेबलावर जाऊन बसली.

"अरे, ही तिकडे कशाला गेली?"

"कोण ती?" तन्मय म्हणाला.

मनोरमाबाई पलीकडच्या टेबलाकडे बघतच राहिल्या. सरकतं दार पुन्हा उघडलं आणि तन्मय धडपडत उठला.

"केया, मेसेज वाचलास ना? आईने हो म्हटलंय."

दारातल्या मुलीचे केस अजून ओले होते. मनोरमाबाईंना पाहून ती जागच्या जागी थांबली.

"वाचला," ती खणखणीत मराठीत म्हणाली. "काकू, तुमचं उत्तर कळलं. माझं अजून ठरायचंय."