आवाजाचा कूलर

मुलाने कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता. कंपनीने ठरवलेल्या वेगापुढे पळवला की तो तापणारच. म्हणून वडील नवा कूलर घ्यायला आले होते. दुकानदाराने हौसेने पाण्यावर चालणारा काढून दाखवला.

"हा न्या, काका. मशीन गार राहील, आणि आवाज म्हणाल तर नावालाही नाही."

काकांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. "पंख्याचाच द्या. चांगला घोंगावणारा."

दुकानदाराला हसू आलं. "अहो, लोक आवाज नको म्हणून माझं डोकं खातात."

"खात असतील. आमचा हल्ली दार लावूनच असतो, हाक मारली तरी ओ देत नाही. आतून पंखा ऐकू आला, की त्याच्या आईच्या घशाखाली घास उतरतो."