पाठमोरा

“तू जा आत. मी बाहेर थांबतो,” गादीवाला म्हणाला.

“आणि अंधारात पायऱ्या मला कोण उतरवणार?” बायकोने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात त्याच्यापुढे धरला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झाला होता. त्याचा नाइलाज झाला.

या थिएटरात रविवारी दुपारी जुने चिनी कुंग फू सिनेमे लावत. त्यातला हा एक अधूनमधून लागे. लागला की ती ठेवणीतले कपडे काढी आणि घरात खटका उडे. “पोराचं मरण काय तिकीट काढून बघायचं असतं?” तो ओरडे. ती पायांत चपला सरकवून चालू लागे. पुतणीने एकदा तिला हाच सिनेमा फोनवर लावून दिला होता. “नको गं बाई,” ती म्हणाली होती, “एवढासा दिसतो त्यात.”

त्यांचा मुलगा लहानपणापासून एका जागी बसला असेल तर शपथ. सगळी गल्ली त्याला भिंगऱ्या म्हणायची. दुकानात नव्या गाद्यांची चळत लागली की हा माळ्यावरून तिच्यावर उडी टाकायचा, तीही कुंग फूच्या आरोळ्या ठोकत. गिऱ्हाईक दचकून मागे सरायचं. “काही नाही हो, माल तपासून देतो आम्ही,” गादीवाला म्हणायचा, आणि गिऱ्हाईक गेलं की हातभर लांब सुई घेऊन पोराच्या मागे धावायचा.

पुढे खरंच एक चिनी युनिट शूटिंगसाठी शहरात आलं. नायक मोठा नावाजलेला. पडद्यावर भिंतीवरून चालायचा, एकटा अख्ख्या टोळीला लोळवायचा. पण उंचावरच्या उड्यांसाठी त्याच्या अंगकाठीचा दुसरा कुणीतरी लागत होता. भिंगऱ्याची निवड झाली. घरी येऊन त्याने आईला उचलून गरगर फिरवलं.

“तोंड दिसणार का तुझं?” बापाने विचारलं.

“छे हो बाबा. फक्त पाठ!”

तिघंही पोट धरून हसली होती.

शूटिंग संपत आलं होतं. मनोऱ्याच्या सज्जातून खाली अंगणात, अशी उडी होती. खाली रचलेली पुठ्ठ्याची खोकी एका बाजूला सरकली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. भिंगऱ्या हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

युनिटचा मारामाऱ्या बसवणारा मास्तर काही दिवसांनी दुभाष्याला घेऊन घरी आला. दारातच उभा राहिला, मान खाली घालून. “ती उडी सिनेमात ठेवायची की नाही, ते तुम्ही सांगा,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणाल तर आजच्या आज कापून टाकतो.” गादीवाल्याने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून बायको बाहेर आली. तिने मास्तराला हळूच काहीतरी विचारलं, त्याने होकारार्थी मान हलवली, आणि मग ती म्हणाली, “काढू नका.”

त्या दोन शब्दांबद्दल गादीवाल्याने तिला कधीच माफ केलं नव्हतं.

आता तो तिच्या शेजारी बसला होता, मान खाली घालून. हॉलमध्ये कॉलेजची पोरं होती. पडद्यावर नायक पाण्याच्या बादल्या घेऊन डोंगर चढत होता, गुरूचा मार खात होता, आणि पोरं आरोळ्यांची नक्कल करत खिदळत होती. मग गुरू मारला गेला. पोरं गप्प झाली. नायकाने डोळे पुसले आणि तो शत्रूच्या मनोऱ्याकडे निघाला.

“आला बघा,” बायको कुजबुजली.

गादीवाल्याने नको नको म्हणत मान वर केली. सज्जातून एक पाठमोरा माणूस धावत होता. डावा खांदा किंचित पडलेला. कठड्यावर चढून त्याने दोन्ही तळवे मांड्यांना पुसले, माळ्यावर उभा राहून पुसायचा तसे. इतक्या वर्षांत गादीवाल्याने पोराचा फोटोसुद्धा धड बघितला नव्हता, आणि इथे तो भिंतीएवढा मोठा, जिवंत, धापा टाकत उभा होता.

माणसाने उडी घेतली.

हॉल शिट्ट्यांनी दणाणला. मागचा कुणी तर खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटत होता. अंगणात धुळीचा लोट उठला, आणि गादीवाल्याने डोळे गच्च मिटून घेतले. तो तिरमिरत उठला. त्याला तिथून निघायचं होतं. या बाईपासून, जी हे बघायला पुन्हा पुन्हा येत होती, तिच्यापासून लांब जायचं होतं. तिने त्याची बाही पकडली.

“बसा.”

“सोड. काळीज आहे की दगड तुझं? पोरगा पडताना बघायला येतेस?”

“पडताना नाही हो,” ती म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलली नव्हती. चेहऱ्यावर पडद्याचा उजेड होता, आणि ती हसत होती, पोराने गोल फिरवलं होतं तेव्हा हसली होती तशी. “मास्तरांना मी तेवढंच विचारून घेतलं होतं. डोळे उघडा ना. धूळ बसू द्या जरा.”

त्याने डोळे उघडले. धूळ हळूहळू खाली बसत होती.

“बघा,” ती म्हणाली, “इथे तो उठतो.”