पाव इंची पाना

एक पाना कमी होता.

सिरिलने फळीवरून पुन्हा बोटं फिरवली. हँगरच्या भिंतीवरच्या त्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली होती आणि ज्या-त्या आकृतीवर ते-ते हत्यार टांगलेलं होतं. विमानाची देखभाल करणारा म्हातारा सिरिल ती रोज अशीच मोजायचा, एकेकाला हात लावत, जपमाळ ओढावी तशी. पाव इंची पान्याची जागा रिकामी होती.

"आज ती उडणार नाही," तो म्हणाला.

ती म्हणजे हरिकेन. महायुद्धातलं लढाऊ विमान, वय ऐंशीच्या वर. बाहेर गवतावर हवाई प्रदर्शनाला आलेली चार हजार माणसं घडीच्या खुर्च्या टाकून तिची वाट बघत होती. पण नियम म्हणजे नियम. एखादं हत्यार विमानात विसरलं आणि सुकाणूच्या तारांत अडकलं, तर वैमानिकाचा खेळ खलास. फळी भरल्याशिवाय विमान जागचं हलत नसे.

"चीफ, चहात बुडवून खाल्लात की काय?" हँगर सांभाळणारी ग्लेनिस म्हणाली. बोलली तशी ती चेष्टेत, पण तिचा चेहरा उतरला होता. सेहेचाळीस वर्षांत सिरिलच्या हातून साधा स्क्रूसुद्धा हरवला नव्हता. त्यातली बावीस वर्षं तर हवाई दलातली.

ग्लेनिस आणि आणखी दोघं विमानात शिरून शोधू लागली. "माझं टेबल आणि हत्यारांचा गाडा मी बघतो," सिरिलने बजावलं. त्याच्या गाड्याला हात लावायची तशीही कुणाची छाती नव्हती.

उडायच्या पोशाखात रॉडरिक दाराशी उभा होता. आज विमान तो नेणार होता. उजवा हात त्याने खिशात खुपसला होता.

नाताळापासून तो हात थरथरत होता. आधी कपातला चहा बशीत सांडू लागला, मग सही वाकडी यायला लागली. गेल्या आठवड्यात उतरताना हरिकेन दोनदा उसळली, तेव्हा त्याने वाऱ्यावर ढकललं. डॉक्टरला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. चाळीस वर्षं उडणारा माणूस जमिनीवर राहिला की उरतो काय? कुंपणाची झुडपं छाटत बसणारा एक म्हातारा. एकदाच, शेवटचं, असं तो स्वतःला बजावत होता. पण आज या हाताने दांडा धरून चार हजार डोक्यांजवळून जायचं होतं. 'माझ्याने होणार नाही' एवढे तीन शब्द सकाळपासून त्याच्या घशाशी येऊन परत जात होते.

दोन वाजता ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली. तांत्रिक कारणामुळे हरिकेनचं उड्डाण रद्द. बाहेर लोक हळहळले. रॉडरिकला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

ग्लेनिस आयोजकांची समजूत काढायला गेली. बाकीचे चहाला गेले. सिरिल मात्र अजून गाड्याचे खण चाचपत होता. बिचाऱ्याला धीर द्यावा म्हणून रॉडरिक आत आला.

"शोधतोय साहेब," सिरिल म्हणाला. मग हरिकेनकडे मान वळवून हसला. "हिला बनवणाऱ्यांना वाटलं होतं, सहा महिने लढली तरी पुष्कळ. म्हातारी व्हायला कुणी बनवलंच नव्हतं हिला. जेट विमानं कशी, तक्ता बघून तपासली की झालं. हिचं ऐकावं लागतं. खोकली की कळतं मला."

एवढं बोलून तो गाड्याच्या पलीकडे गेला. रॉडरिकही मागोमाग गेला, आणि थबकला.

पाना तिथेच होता. भिंतीच्या बाजूला, स्वच्छ फरशीवर, खिडकीतून आलेल्या उन्हात चकाकत होता. सिरिलच्या बुटापासून जेमतेम वीतभर. सिरिलने वाकून थेट त्याच्याकडे पाहिलं.

"इथंही नाही," तो म्हणाला.

रॉडरिकच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हाताऱ्याने गेल्या आठवड्यातलं ते उतरणं पाहिलं होतं. सगळं ओळखलं होतं. चारचौघांत 'साहेब, तुम्ही थकलात' म्हणायचं त्याच्या जिवावर आलं असणार, म्हणून त्याने मुद्दाम पाना हरवला. सेहेचाळीस वर्षांचं नाव एका मित्राची लाज राखायला पणाला लावलं.

"पुरे आता, चीफ," तो म्हणाला. "आपण दोघंच आहोत इथं."

त्याने खिशातून हात काढला आणि सिरिलसमोर धरला. बोटं झाडाच्या पानासारखी हलत होती.

"नाताळापासून असा आहे. मी सगळ्यांपासून लपवला, पण तुमच्यापासून नाही लपला. आज मी उडालो असतो, चीफ. भीतीने मेलो असतो, पण उडालो असतो. तुम्ही पायाशी पडलेला पाना बघून न बघितल्यासारखं केलंत, म्हणून वाचलो. मी वाचलो, बाहेरची माणसं वाचली. उद्या परवाना परत करतो. तुमचे उपकार कसे फेडू?"

सिरिलने मागे हात नेऊन स्टूल चाचपलं आणि सावकाश खाली बसला. मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, तो त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला.

"सकाळी विमान तपासून ठीक आहे म्हणून सही मीच केली, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही माझ्या डोळ्यांच्या भरवशावर होतात आणि मी तुमच्या हातांच्या."

"म्हणजे?"

"मार्चपासून मला समोरचं दिसत नाही, फक्त कडेचं. पाना नक्की कुठं पडलाय, तेवढं सांगा."