भेंडीचा कागद

वडील गेले, तेव्हा परसात त्यांनी लावलेल्या भेंडीची वाळलेली झाडं तेवढी उभी होती. मुलगा ती उपटून चित्रकार बाईंकडे घेऊन आला. "याचाच कागद करा आणि त्यावर बाबांचा चेहरा काढा. आईला द्यायचाय." साल शिजवून, कुटून बाईंनी लगदा केला, पण त्यातून जेमतेम एकच कागद निघाला.

अशा कागदावरचा रंग खोडता येत नाही. त्यात रंग पसरू नये म्हणून लावलेली खळ एका जागी नीट बसली नव्हती. तिथे ब्रश टेकताच रंग फुटला आणि गालाकडे सरकू लागला. बाईंनी श्वास रोखून टिपकागद दाबून धरला. डाग कसाबसा कानाच्या सावलीत जिरला.

चित्र न्यायला मुलगा आईलाच घेऊन आला. आईने चित्र नीट पाहिलं. मग तिने चित्र उचलून पालथं केलं आणि मागच्या कोऱ्या, खरखरीत बाजूवरून ती बोटं फिरवत राहिली. बाईंनी विचारलं,

"काकू, चेहरा चुकला का हो?"

"छे गं! अगदी तेच आहेत. आत्ता कुणावर तरी खेकसतील असं वाटतं."

"मग?"



"चेहरा भिंतीकडे करून फ्रेम कर. फोटो घरात सात आहेत. त्यांच्या हातचं एवढंच उरलंय."