रंगुबाईने म्हटलं होतं

सकाळी नऊला मारुतीच्या पारावर सात जणांच्या हातावर मंतरलेले तांदूळ ठेवण्यात आले. सातवी रंगुबाई होती, वय सदुसष्ट. बाकीचे सहा नावाला होते. ते तिलाही ठाऊक होतं आणि पारासमोर जमलेल्या गावालाही.

रीत जुनी होती. तांदूळ चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. ओले पडले तर माणूस निर्दोष. कोरडे पडले तर करणी त्याचीच, आणि दिवस मावळायच्या आत त्याने बिऱ्हाड उचलून गाव सोडायचं. रंगुबाईच्या घरात ती आणि सून पंकजा, दोघीच होत्या. मुलगा नागापूरला कंपनीत कामाला होता.

तक्रार सूर्यभानची होती. चार दिवसांत त्याच्या दोन गाई मेल्या होत्या. कापून नेलेल्या कडवळाच्या, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीच्या, खोडांना नवे फुटवे आले होते, दुसरा चारा नव्हता, म्हणून त्याने गाई त्यात सोडल्या. बांधावरून जाताना रंगुबाई म्हणाली होती, "हे कवळं फुटवं इखारी असत्यात. ह्या गाई जगायच्या न्हाईत." चौघांनी ऐकलं होतं. गाई मेल्यावर चौघांना तिचं पहिलं वाक्य आठवेना; दुसरं मात्र शब्दन्‌शब्द आठवत होतं.

देवऋषी गोरक्षनाथ शेजारच्या तालुक्यातून आला होता. त्याने आधी गावाला कामरूपच्या चेटकिणींची गोष्ट सांगितली. तिकडे बायका मंत्र टाकून माणसाचा बोकड करायच्या आणि खुंट्याला बांधून ठेवायच्या; नाथांनी चिमूटभर भस्म फुंकलं तेव्हा त्यांची विद्या उतरली. "तसली इद्या अजून हाय," तो रंगुबाईकडे बघत म्हणाला.

"माझ्या खुंट्याला बी एक बोकड हाय, म्हाराज," रंगुबाई म्हणाली. "गावातला कोन कमी भरतोय का, मोजून घ्या. म्होरल्या बाजारला इकायचा हाय त्यो."

मागे कोणीतरी खुसकन हसलं. सूर्यभानने मान वळवली तसं हसू थांबलं.

"लई बोलतीस, म्हातारे," गोरक्षनाथ म्हणाला.

"बोलले म्हनूनच हितं बसवलंय न्हवं? नाथानं भस्म फुकलं की इद्या, अन् बाईनं चारा वळखला की चेटूक. चावू का आता, का अजून गोष्ट ऱ्हायलीय?"

तिने तांदूळ तोंडात टाकले, सावकाश चावले आणि पानावर थुंकली. ओले होते. बाकीच्या सहांचेही ओलेच निघाले. गोरक्षनाथने सातही पानं दोनदा पाहिली आणि करणी गावाबाहेरची असल्याचं जाहीर केलं. त्याला नारळ देण्यात आला. माणसं चपला शोधू लागली.

"रंगुकाकू, मनात धरू नका," सूर्यभान म्हणाला. "अशा टायमाला मानूस गडबडतंय."

पंकजाने सासूचा दंड धरला. "चला आत्या. सुटलो एकदाचं."

पाराच्या पायरीवरून ओढ्यापलीकडचं सूर्यभानचं रान सरळ दिसत होतं. रंगुबाई थांबली. त्याची उरलेली गाय, सात महिन्यांची गाभण, त्याच फुटव्यात बांधलेली होती. मान खाली घालून खात होती.

पंकजानेही पाहिलं. तिची पकड घट्ट झाली. "आत्या, पाया पडते. आता काय बी बोलू नका. मेली तर भाईरची करनी म्हनत्याल. आपल्या अंगावर येत न्हाई."

"अन् मी बोलले अन् मेली, तर?"

"तर आपुन गेलो."

"व्हय," रंगुबाई म्हणाली. तिने दंड सोडवून घेतला आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सूर्यभान, ती गाभन गाय फुटव्यातनं भाईर काढ. न्हाईतर दुपारच्या आत मरंल. कोन म्हनलं हुतं म्हनून मागनं इचारीत बसू नका. रंगुबाई म्हनली."

सूर्यभानने गोरक्षनाथकडे पाहिलं. गोरक्षनाथ नारळ पिशवीत घालत होता. "बघा," तो म्हणाला, "पुन्यांदा तोंडातनं काढलं हिनं."

"अरं, काढ की गाय! का मला चेटकीन ठरवायला तिसरी बी घालवनार?"

सूर्यभान जागचा हलला नाही. आता गाय सोडली, तर आधीच्या दोन त्याच्याच हाताने मेल्या असा अर्थ होत होता. तो गावासमोर उभा होता.

रंगुबाईने पदर खोचला आणि ओढ्यात उतरली. गाव मागे निघालं, पण अंतर राखून. बांधापाशी सगळे थांबले.

"आत्या, शिवू नका तिला!" पंकजा पळत आली. "तुमच्या हातात मेली तर कोन ऐकून घेनार हाय?"

रंगुबाईने खुंट्याचं दावं सोडलं आणि मनगटाला गुंडाळलं. गाय चार पावलं चालून फुटव्याबाहेर आली आणि थांबली. तिच्या तोंडाला फेस होता. मागचे पाय थरथरत होते.

पंकजा क्षणभर बांधावरच्या माणसांकडे बघत राहिली. मग तिने मोबाईल काढला आणि सगळ्यांच्या देखत जामखेडला जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. काय खाल्लं, किती वेळ झाला, ते सांगितलं. गाय कोणाची, असं तिकडून विचारलं असावं.

"मालक गप हायेत," ती म्हणाली. "तुमी या."

दहा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टर निघाल्याचा निरोप आला. वाटेला चाळीस मिनिटं लागतात. बांधावरून अजून एकही माणूस घरी गेला नव्हता. गाय उभी होती. दावं रंगुबाईच्या मनगटाला होतं.