स्पंज मिळाला की येईन

“हा नाही मिळायचा,” दुकानदार म्हणाला आणि मुर्यातीने आणलेली तारेची जाळी त्याने काउंटरवरून परत सरकवली. “या गाडीचा एअर फिल्टर आता कोणी ठेवत नाही, म्बाक. नवी गाडी घ्या, ताई.”

मुर्याती जाळी उचलून बाहेर आली. मुंतिलानच्या बाजारात पिठासारखी बारीक राख पडत होती. ताडपत्र्यांवर, केळ्यांच्या घडांवर, माणसांच्या डोक्यांवर. भरदुपारी गाड्यांचे दिवे लागले होते. मेरापी ज्वालामुखी दिसत नव्हता, नुसता मधूनमधून गुरगुरत होता. गुरगुरला की तिचा हात आपोआप पोटावर जायचा. सातवा महिना होता.

वरच्या वस्तीत तिची सासू म्बोक कार्सी एकटी होती.

वस्ती रिकामी करा, म्हणून कालपासून भोंगा ओरडत होता. लोक मिळेल त्या ट्रकमधून उतरत होते. म्बोक कार्सी मात्र गोठा सोडायला तयार नव्हती. मुर्यातीचा नवरा मलेशियात पामच्या मळ्यावर होता. निघताना त्याने एवढंच सांगितलं होतं, आईला एकटं टाकू नकोस. म्हणून सकाळी तिनेही हट्टच धरला.

“तुम्ही आल्याशिवाय मी इथून हलणार नाही, म्बोक.”

 सासू वळचणीखाली उभ्या असलेल्या सासऱ्याच्या जुन्या मोटरसायकलीपाशी गेली. बाजूचं झाकण काढून तिने आतली जाळी उपसली.

“बघ. स्पंज उंदरांनी खाल्ला. या राखेत अशीच चालवलीस तर इंजिन अर्ध्या वाटेत बसेल. जा, नवा घेऊन ये. मग तुझ्या सासऱ्याच्या गाडीवर बसून येईन. ट्रकात गुरासारखी उभी राहून मी यायची नाही.”

म्बोकने शब्द दिला होता. शेजारच्या पार्तोची भाजीची पिकअप खाली निघाली होती. मुर्याती तिच्यात चढली.

आता बाजार पालथा घालून झाला होता. कोणी नव्या गाडीचा फिल्टर दाखवला, तो जाळीपेक्षा अंगठाभर मोठा निघाला. कोणी म्हणालं, गादीचा फोम कापून घाला. “त्यातून राख गाळली जाते का?” तिने विचारलं, तर तो माणूस हसला. उशीर होत होता. डोंगराकडे जाणारा रस्ता केव्हाही बंद होईल, असं सगळे म्हणत होते.

शेवटी कोणीतरी तिला मासळीबाजारामागे को लियामकडे पाठवलं. छतापर्यंत खोके रचलेलं दुकान, आणि खोक्यांच्या मधोमध बसलेला म्हातारा चिनी. त्याने जाळी दिव्याखाली फिरवून पाहिली.

“याचा शेवटचा स्पंज माझ्याकडेच होता.”

“होता?”

“रमजानच्या आधी विकला. वरच्या वस्तीतली एक म्हातारी घेऊन गेली. घासाघीस करून जीव नकोसा केला माझा. सून बाळंत व्हायची आहे, ऐन वेळी गाडीने दगा द्यायला नको, म्हणत होती.” त्याने जाळी परत दिली. “तिलाच विचारून बघ, पोरी. पण जपून. तोंड फार तिखट आहे तिचं.”

“माहीत आहे,” मुर्याती म्हणाली.

ती दुकानाबाहेर उभी राहिली. उंदरांनी खाल्ला असता तर गाडीतल्या जाळीच्या डब्यात कुठेतरी तुकडे दिसले असते. डबा लख्ख होता. सकाळी घाईत ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे म्बोकला यायचंच नव्हतं. सुनेची कटकट टळावी, गायींजवळ निवांत बसता यावं, एवढंच तिला हवं होतं. मुर्यातीच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यात राख गेली आणि डोळे झोंबायला लागले. शाळेतली छावणी समोरच होती. तिकडे जावं आणि पडून राहावं, असं क्षणभर तिला वाटलं.

मग ती पार्तोला शोधायला गेली.

“परत वर? डोकं ठिकाणावर आहे ना?” पार्तो म्हणाला.

“मागे दोन गायी मावतील का?”

“मावतील, पण…”

“मग चल.”

म्बोक गोठ्यात होती. सुनेला पाहताच तिच्या हातातला विळा खाली पडला. “तू कशाला आलीस?”

“स्पंज मिळाला.”

“खोटं. तो मिळणारच नाही.”

“का नाही मिळणार?”

 पार्तोने तोवर गायींची दावी सोडायला घेतली होती. म्बोकने गायींकडे पाहिलं, पिकअपकडे पाहिलं, मग ती घरात गेली. तांदळाच्या रांजणामागून तिने तेलात भिजवलेला स्पंज आणला आणि स्वतःच्या हाताने जाळीवर चढवला.

उतारावर राखेत चाकं घसरत होती. मुर्याती मोटरसायकल चालवत होती. मागे म्बोक तिला घट्ट धरून बसली होती. पुढे पिकअपमध्ये गायी हंबरत होत्या. नदीवरचा पूल ओलांडल्यावर मुर्यातीने गाडी थांबवली आणि तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

“मी घरात नको होते, तर सरळ सांगायचं होतं. उंदीर कशाला मध्ये आणलेत?”

“सरळच सांगत होते कालपासून, पोटातल्याला घेऊन तू जा म्हणून,” म्बोक म्हणाली. “गेलीस का? म्हटलं, बाजारात स्पंज कुठेच नाही. शोधत बसशील, तेवढी खाली तरी राहशील.”