द्रौपदीबाईंची पहिली मुख्य भूमिका

“मला आत्या म्हणायचं. ‘मॅडम’ म्हणालास तर इथंच खलास!” द्रौपदीबाईंनी जिन्यातच रुपेशला दम भरला.

आखातातल्या माबेला उपनगरातल्या या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वैशाली राहायची. अल् खुवैरच्या एकाच ऑफिसात दोघं इंजिनिअर, आणि रुपेशचा तिच्यावर भारी जीव. पण आपल्या मागे कुणी नाही, आपण वसतिगृहात वाढलो, हे सांगायची त्याला लाज वाटली. म्हणून गड्यानं नाशिकच्या मोठ्या गोतावळ्याच्या थापा मारल्या. आता तिचे काका नागपूरहून आले होते, आणि मुलाकडचं वडीलधारं माणूस आल्याशिवाय ते बोलणी करणार नव्हते.

रुपेश इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांची लाइट सांभाळायचा. तो द्रौपदीबाईंकडे नाही जाणार तर कुणाकडे? मंडळाच्या रंगमंचावर बावीस वर्षांत नायिका आठ बदलल्या. सासू, मोलकरीण आणि भांडकुदळ शेजारीण मात्र द्रौपदीबाईच. शिवाय एका अमेरिकन सिनेमात त्यांनी बाजारात चार सेकंद लिंबं विकली होती. मुख्य भूमिका तेवढी कधी मिळाली नव्हती. आज मिळाली, आणि बाई खुशीत होत्या.

“जयभीम, ताई. या, बसा.” भीमरावकाकांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा होता. कडक इस्त्रीचा सदरा, भरघोस मिशी.

“नाशिकला कुठं राहता?”

“देवळाली कॅम्प. दारात जांभळाचं झाड आहे.”

“गोड लागतात?”

“पोरं पिकू देतील तर ना!”

बाई रंगात आल्या. काका प्रश्न टाकत, त्या झेलत. शेरास सव्वाशेर भेटला होता.

वैशालीनं चहा आणला. काकांनी कपाला हात लावला नाही. गुलाबजामही नको म्हणाले. एसीतसुद्धा कपाळाचा घाम टिपत होते, आणि हसले तरी ओठ हलत नव्हते. माणूस तिखट आहे, बाईंनी ताडलं. मुलाचं पाणी जोखल्याशिवाय हा चहाला शिवायचा नाही.

“तुम्हाला कुठंतरी पाहिलंय,” काका एकदम म्हणाले.

बाईंनी पदर सावरला. “माझा चेहराच तसा आहे. चारचौघींसारखा.”

काका हुंकारले आणि जरा पुढे वाकले.

“ताई, आमच्या पोरीला आई नाही. तुम्ही तिला जीव लावाल ना?”

उत्तर पाठ होतं. पण बाईंनी वैशालीकडे पाहिलं. ती पोर ट्रे छातीशी धरून त्यांच्याकडेच बघत होती, अगदी आशेनं. बावीस वर्षांत बाई पहिल्यांदाच वाक्य विसरल्या.

“लावीन,” त्या म्हणाल्या. “मनापासून लावीन. पण मी याची आत्या नाही. याला कुणीच नाही. मी मंडळाच्या नाटकात काम करणारी बाई. पोरगा सोन्यासारखा आहे, वैशालीला गमावायच्या भीतीनं खोटं बोलला. काय शिक्षा करायची ती मला करा.”

रुपेशनं मान खाली घातली. वैशालीनं तोंडावर हात दाबला आणि काकांकडे पाहिलं.

“बरं झालं, सुटलो,” काका म्हणाले, आणि ओठावरची मिशी हळूच सोलून बशीत ठेवत त्यांनी गार झालेल्या चहाचा पहिला घोट घेतला.